रिकामी जमीन कोण ठरवतं?

सौर प्रकल्प असो, औद्योगिक वसाहत असो की वृक्षलागवड, प्रस्तावाच्या पहिल्या दोन-चार पानांत एक विधान हमखास सापडतं: जागा पडीक आहे, रिकामी आहे. ते विधान तपासायला कुणी थांबत नाही. पुढचा सगळा कागद मात्र त्याच्यावरच उभा राहतो. मोबदला कुणाला द्यायचा नाही, हरकत कुणाची ऐकायची नाही, पुनर्वसन कुणाचं करायचं नाही, हे सगळं त्या एका शब्दात आधीच ठरून गेलेलं असतं. जमीन रिकामी आहे असं म्हणणं हा एक निर्णय आहे, आणि तो बहुतेक वेळा त्या जमिनीवर वावरणाऱ्या माणसांना न विचारता घेतला जातो, असं माझं ठाम म्हणणं आहे. हा निर्णय घेण्याची रीत आपण इंग्रजी कायद्याबरोबर घेतली. कायदे बदलले, सरकारं बदलली, पण रीत तशीच राहिली.

इंग्रजीत रिकामेपणाला शब्द पुष्कळ आहेत. डबा, पोट, रस्ता, पोकळ आश्वासन, सगळ्यांना ‘एम्प्टी’ चालतो. पद, खुर्ची, भाड्यानं द्यायचं घर यांना ‘व्हेकंट’ लागतो. जमिनीसाठी ‘वेस्ट’, ‘आयडल’, ‘अनऑक्युपाइड’ असे आणखी शब्द आहेत. वरवर सगळे एकच सांगतात, पण प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. ‘एम्प्टी’ आत काय नाही एवढंच सांगतो. ‘व्हेकंट’ म्हटलं की जागा भरायची आहे हे गृहीत धरलं जातं, कुणीतरी यायचा आहे. ‘वेस्ट’ त्याच्याही पुढं जातो. जे आहे ते वाया चाललं आहे, असा ठपकाच तो ठेवतो. कायद्यानं जमिनीसाठी यातला साधा शब्द घेतला नाही, नेमके हे दोन घेतले.

याची सुरुवात वसाहतींतसुद्धा झाली नाही, इंग्लंडच्या खेड्यांत झाली. तिथं जहागिरीच्या नांगराखाली नसलेल्या जमिनीला ‘वेस्ट’ म्हणत. त्यावर गावाचे हक्क होते. गाई आणि बदकं चारायची, सरपण आणायचं, जळणासाठी दलदलीतली माती कापून वाळवायची. ज्याच्याकडं स्वतःचा तुकडा नाही अशा कुटुंबाचं निम्मं जगणं त्यावर चाले. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेनं पाच हजारांहून अधिक कायदे करून अशा सामाईक जमिनींना कुंपणं घातली. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त जमीन त्यात गेली. जमीनदारांचा युक्तिवाद एकच होता: ही जमीन वाया जाते आहे, आमच्या हाती द्या, आम्ही पिकवून दाखवतो. पीक वाढलंही असेल. पण ज्यांची गाय त्या जमिनीवर जगत होती ते मजूर होऊन शहरांकडं निघाले, हा त्याच हिशेबाचा दुसरा भाग आहे.

याच विचाराला इंग्रज विचारवंत जॉन लॉकनं तत्त्वज्ञानाची बैठक दिली. जमिनीत श्रम मिसळले की मालकी तयार होते, आणि जी जमीन निसर्गाच्या भरवशावर सोडली आहे ती वायाच गेलेली, असं त्यानं सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडलं. उदाहरणं त्यानं अमेरिकेची दिली. त्याचा स्वतःचा संबंधही दूरचा नव्हता. कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा तो सचिव होता, आणि १६६९ मध्ये त्या वसाहतीची घटना तयार करण्यात त्याचा हात होता. श्रम म्हणजे नांगर आणि कुंपण, अशी व्याख्या एकदा केली की शिकार, चराई, फळं-कंदं गोळा करणं, आग लावून गवत नवं करणं, हे सगळं श्रमातून बाद होतं. माणसं डोळ्यांसमोर असूनही जमीन रिकामी ठरते.

ऑस्ट्रेलियात नेमकं हेच झालं. १७७० मध्ये जेम्स कुक पूर्व किनाऱ्यानं वर जात होता तेव्हा जमिनीवरून उठणारा धूर त्याला वारंवार दिसत होता, तशा नोंदी त्याच्या रोजनिशीत आहेत. धूर म्हणजे माणसं. तरी त्यानं तो किनारा इंग्लंडच्या राजाच्या नावे केला. पुढं १८३५ मध्ये मेलबर्नच्या परिसरात एका वसाहतवाल्यानं स्थानिक लोकांशी जमिनीचा करार केला, तेव्हा गव्हर्नर बर्क यांनी जाहीरनामा काढून तो रद्दबातल ठरवला. जमीन राजाची आहे, ती विकायचा हक्क इथल्या लोकांना नाहीच, असा त्याचा अर्थ होता. ‘टेरा नलियस’, म्हणजे कुणाचीच नसलेली भूमी, हे लॅटिन नाव या सगळ्याला नंतर चिकटलं. व्यवहार आधीपासून चालू होता. मरी बेटावरच्या एडी माबो आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८२ मध्ये दावा लावला. आमच्या बागांच्या हद्दी आहेत, वारसाहक्काचे नियम आहेत, जमीन कधीच बेवारस नव्हती, हे त्यांनी न्यायालयात शाबित केलं. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. जमीन रिकामी नव्हती हे शाबित करण्याची जबाबदारी दोनशे वर्षांनंतरही तिथं राहणाऱ्यांवरच होती. रिकामी म्हणणाऱ्यावर ती कधीच आली नाही.

आपल्याकडं आसामात १८३८ च्या ‘वेस्टलँड’ नियमांनी चहामळ्यांना मोठाले पट्टे दिले. ती फिरत्या शेतीची आणि गुरं चारण्याची जमीन होती. १९२७ चा वन कायदा आजही सरकारी मालकीच्या ‘वनजमिनी किंवा वेस्टलँड’ राखीव करण्याची मुभा देतो. मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी आणि आकारणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नव्यानं सुरू केली. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला आकार. ज्यातून सारा येतो ती जमीन कामाची, ज्यातून येत नाही ती पड. सातबाऱ्यावरचे पोटखराबा, मुलकी पड, आकारी पड हे शब्द आपल्याला इतके सवयीचे झाले आहेत की ते जमिनीचा गुण सांगत नाहीत, साऱ्याचा हिशेब सांगतात, हे लक्षातच येत नाही.

याचं सगळं खापर इंग्रजांच्या माथी फोडणं बरोबर नाही. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिली काही वर्षं सारा कमी लावून तो हळूहळू वाढवायचा, ही इस्ताव्याची पद्धत मराठेशाहीतही होती. राज्य कुणाचंही असो, त्याला नांगर आवडतो. फरक एवढाच की घोडदळावर चालणाऱ्या राज्याला गवताची किंमत ठाऊक होती. भीमथडीची घोडी माळावरच्या गवतावर पोसली जात. पेशव्यांच्या काळात कुरणं राखलेली असत, त्यांची निगा असे, चोरून चारणाऱ्याला दंड असे. कुरण ही दौलत होती. घोडदळ संपलं आणि तोच माळ हिशेबात शून्य झाला.

स्वतंत्र भारतानं १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापलं. पुढं उपग्रह आले आणि पडीक जमिनींचे नकाशासंग्रह निघू लागले. २०१९ च्या आवृत्तीनुसार देशातली सुमारे ५ कोटी ५७ लाख हेक्टर, म्हणजे जवळपास १७ टक्के जमीन पडीक आहे. तिचे २३ प्रकार केले आहेत. त्यांत बर्फाखालचे डोंगर आहेत, उघडे खडक आहेत, दलदल आहे, समुद्रकाठची वाळू आहे, आणि विरळ व दाट झुडपांची जमीनही आहे. हिमालयाचं शिखर आणि माण-खटावचा माळ एकाच यादीत. उपग्रहाला पानांची दाटी कळते. तिथं कोण येतं, कोणत्या महिन्यात येतं, काय नेतं, हे त्याला कळायचा मार्ग नाही. ते जमिनीवर जाऊनच विचारावं लागतं, आणि तेवढंच राहून जातं.

तो माळ जवळून पाहू. बारामती, इंदापूर, फलटण, माण, कर्जत हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा. वर वीतभर माती, खाली मुरूम. झाडं मोजकी आणि काटेरी: हिवर, बोर, बाभूळ, तरटी, मधूनमधून पिवळ्या फुलांचा तरवड. मृगाचा पाऊस झाला की मारवेल, पवना, कुसळी उगवायला लागतात आणि भाद्रपदापर्यंत गवत गुडघ्याला लागतं. तेव्हा दख्खनी मेंढ्यांचे कळप माळावर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे तळ, हलतात. घोड्यांवर बिऱ्हाड लादून कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी बागायती पट्ट्याकडं वळतं. वाटेत शेतकरी त्यांना थांबवून घेतो आणि रानात मेंढरं बसवतो. संध्याकाळी वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून कळप आत घेतात, रात्रभराच्या लेंड्या आणि मुतानं तो तुकडा खतावला जातो. मोबदला धान्यात किंवा रोख ठरतो. पावसाळा तोंडावर आला की वाडा परत माळावर येतो. म्हणजे बागायतीच्या उसाला मिळणाऱ्या खताचा एक धागा थेट या ‘पडीक’ माळापर्यंत जातो. त्याची नोंद कोणत्याही तलाठी दप्तरात नाही.

माळावर माणसांखेरीजही वस्ती आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट, धाविक, चंडोल. माळढोक तर उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा हेच त्याचं संरक्षण. त्याच्यासाठी सोलापूर-नगर भागात १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. पुढं ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. आज संपूर्ण देशात हा पक्षी दीडशेच्या आत उरला आहे, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात.

हा माळ म्हणजे तुटलेलं जंगल आहे, अशी एक समजूत पक्की बसली आहे. इथं पूर्वी घनदाट झाडी होती, माणसांनी आणि शेळ्या-मेंढ्यांनी ती खाल्ली, म्हणून आता झाडं लावून पाप फेडायचं. अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय आणि बायकांच्या ओव्या चाळून पाहिल्या, तेव्हा त्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या या भागाचं वर्णन गवताचं आणि काटेरी झाडांचंच मिळालं. निदान साडेसातशे वर्षं तरी हा माळ माळच आहे. असं असूनही २०१६ पासून राज्यात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी अशा चढत्या आकड्यांची वृक्षलागवड झाली, तेव्हा खड्डे खणायला हाच माळ सोयीचा वाटला. ‘रिकामा’ होता ना! सलग समतल चर खोदून गवताची मुळं उलथली, ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावले, राखणीसाठी चराई बंद केली. गवताचा कार्बन मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, तोच आपण उकरला. झाडं लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांना माळावर काहीच दिसलं नाही, हीच माझी तक्रार आहे.

आता पाळी सौरऊर्जेची आहे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भीतीनं पाणी धरावं लागू नये, दिवसा वीज मिळावी, ही मागणी रास्त आहे आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूही तोच आहे. पण पंप ज्याच्याकडं आहे त्याच्या सोयीसाठी कुरण ज्याचं शेवटचं आहे त्याची जागा जाते. केंद्राच्या कुसुम योजनेत तर चराऊ जमीन पडीक आणि दलदलीच्या जमिनीबरोबर एकाच ओळीत बसवली आहे. चराऊ म्हणजे चारण्यासाठी वापरात असलेली, हे शब्दातच स्पष्ट आहे. ती रिकाम्या जमिनींच्या यादीत गेलीच कशी? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं २२ वं कलम गायरान गावाच्या गुरांसाठी राखून ठेवतं. २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही गावाच्या सामाईक जमिनी वाचवा असं सर्व राज्यांना बजावलं. तरी प्रकल्पाला जागा लागली की पहिली नजर गायरानावरच जाते, कारण तिथं विरोध करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं.

गायरानाचा प्रश्न मेंढपाळ विरुद्ध सरकार एवढा सरळ नाही, हेही सांगायला हवं. मराठवाड्यात आणि इतरत्र भूमिहीन दलित कुटुंबं दोन-तीन पिढ्या गायरान कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनींसाठी. पुढं एकनाथ आवाडांनी बीडमध्ये तोच लढा चालवला. सरकारनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण घेतलं, पण पुरावा मागितला. पुरावा म्हणजे पावती, पंचनामा, दंडाची नोंद. ज्याला गावानं कधी नोंदवलंच नाही त्यानं नोंद आणायची कुठून? मेंढरं चारणारा आणि गायरान कसणारा यांच्यात वाद आहेत, ते मिटवणं सोपं नाही. पण कागदावरची जमीन मोकळी ठरते तेव्हा दोघेही एकाच वेळी पुसले जातात. मला त्या दोघांनाही ग्रामसभेत समोरासमोर बसलेलं पाहायचं आहे. तिसऱ्याच कुणाला ‘रिकामी’ जागा मिळण्यापेक्षा तो वाद परवडला.

शहरात याच शब्दाचा खेळ उलट्या दिशेनं चालतो, आणि मराठी माणसाला तो सगळ्यात जिव्हारी लागला गिरणगावात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या सुरू झाल्याच नाहीत. मुंबईच्या मध्यावर ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं एक हिस्सा उद्यानं-मैदानांसाठी महापालिकेला, एक हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची करायची, असं ठरलं. मोकळी म्हणजे कोणती? जिथं गिरणीची शेड उभी होती ती शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीन त्यात धरायची की नाही? ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं, धरायची. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला: आधीपासून मोकळी होती तेवढीच. गिरणीच्या आवारात बांधकाम नसलेली जागा ती किती असणार! शहराचा आणि कामगारांच्या घरांचा वाटा कितीतरी आकसला. गावात वापरात असलेली जमीन रिकामी ठरते आणि मुंबईत जमीनदोस्त केलेल्या शेडखालची जमीन रिकामी ठरत नाही. दोन्हीकडं फायदा कुणाचा होतो हे पाहिलं की व्याख्या कोण करतं ते कळतं.

आणि जे खरोखर रिकामं आहे त्याचं काय? २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरं रिकामी आढळली, एकट्या मुंबईत सुमारे पावणेपाच लाख. कुलूप लावलेली, गुंतवणूक म्हणून घेतलेली. तिथं माणूस नाही, चूल नाही. त्यांना वाया गेलेली म्हणणारं एकही धोरण आपल्याकडं नाही. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यानं शहरातल्या ‘व्हेकंट’ जमिनीला हात घालून पाहिला, पण सवलतींच्या आणि अपवादांच्या वाटा इतक्या ठेवल्या की हाती फारसं लागलं नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रानं तो कायदाही मोडीत काढला. मालकाचं नाव असलेली रिकामी जागा पवित्र आणि मालकाचं नाव नसलेली वापरातली जागा पडीक, हा न्याय मला मान्य नाही.

यावर उपाय बाहेरून आणायला नको. विदर्भात निस्तारपत्रक नावाचा दस्त आहे. गावातल्या कुणाच्याच भोगवट्यात नसलेल्या जमिनीवर कुणी गुरं चारायची, सरपण कुठून आणायचं, मुरूम-दगड कोणत्या अटींवर न्यायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. जमीन महसूल संहितेच्या १६१ व्या कलमात जिल्हाधिकाऱ्यानं ते तयार करण्याची तरतूद आजही आहे. कायद्याची इंग्रजी त्या जमिनीला ‘अनऑक्युपाइड’च म्हणते, पण लगेच ती कोण वापरतं याची नोंद मागते, हे विशेष. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावानं वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, त्यात निस्तारच्या जुन्या नोंदी आणि त्या वापराची आठवण किती मोलाची असते हे दिसलं. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात निस्तार हा शब्द क्वचितच कानावर येतो. माळ वनखात्याचा नसेल तर वनहक्क कायदाही तिथं पोचत नाही.

म्हणून मागणी अशी की कोणतीही जमीन पडीक किंवा रिकामी म्हणून कुणालाही देण्याआधी त्या गावाचं वापरपत्रक तयार झालं पाहिजे आणि ते ग्रामसभेत वाचलं गेलं पाहिजे. जमीन वापरात नाही हे शाबित करण्याचा भार मागणाऱ्यावर असावा. पाहणी एकदा करून भागणार नाही. फाल्गुन-चैत्रात माळ पाहायला गेलेल्या पथकाला वाळलेली कुसळं आणि मुरूमच दिसणार, कारण वाडे तेव्हा कोकणात असतात. दुसरी पाहणी श्रावण-भाद्रपदात, गवत उभं असताना आणि मेंढरं माळावर असताना झाली पाहिजे, आणि पंचनाम्यावर सरपंच-तलाठ्यांबरोबर त्या माळावर चारणाऱ्या मेंढपाळाची आणि तो कसणाऱ्या कुटुंबातल्या बाईची सही किंवा अंगठा असला पाहिजे.